मिठाला न भिणारे जंतू

मंगळवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९८४

आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावी मासे धरताना दादाच्या पायात प्रवाळाचा तुकडा घुसला. त्या जखमेचा पू मी काल आमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या खारट थाळीवर पसरला. एवढ्या मिठात सहसा काही वाढत नाही. आज थाळी जंतूंनी भरून गेली होती. या जंतूंच्या आवरणातली प्रथिनं सोडियम बाहेर ढकलतात, बदल्यात प्रोटॉन आत घेतात. मिठाचं त्यांना भय कसलं?

लगेच वहिनीला फोन लावला.

"आई समुद्राच्या पाण्यानं पाय धुतायत, वन्सं. मिठानं सुकेल म्हणतात."

"नको. त्याला आत्ताच लोपितालात डॉक्टरांकडे ने."

"हे झोपलेत. हाक मारली तरी ओ देत नाहीत."

मला तिकडे न्यायला शेजारी गाडीची चावी शोधतोय, तोवर लिहितेय. पाय काळा पडलाय का, हे विचारायचं धैर्यच झालं नाही.