मापाची दोन काडतुसं

घाटकोपर, बुधवार

चि. कुंडलिक यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे वनमालाअक्काचे, भरभरून आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, माझा गुडघा सोडून. भावजयबाई द्रौपदीच्या दाताचं काय झालं ते कळव. माझं चौथीपर्यंतचं अक्षर समजून घे, आणि हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

गणपतीत तुझ्या ओटीवर बसून अख्ख्या वाडीसमोर मी बोलले ना, मुंबईत मिळत नाही असं काही नसतं, तिथेच माझी वाट लागली. तू लगेच विचारलंस, बंदुकीची झाडलेली काडतुसं घरच्या घरी परत भरायचं यंत्र मिळेल का, डुकरांनी शेतात सुरण ठेवलं नाही. मी म्हटलं, एक काय, दोन आणते. (एकही बघितलेलं नव्हतं. माझी जीभ तुला ठाऊक आहे.)

नात श्रुतिकाने मोबाइलवर यंत्रं दाखवली. चकलीचे दोन सोरे मोडलेली मी बाई, पण पारख करायला अशी बसले, जशी काही फौजेला दारूगोळा मीच पुरवते. एक फिरत्या ताटलीचं होतं, दांडा ओढला की सगळी काडतुसं पुढे सरकतात. ते नको म्हटलं. गिरणीत तुझ्या भावोजींचं बोट असल्याच फिरत्या यंत्राने खाल्लं. दुसरं साधं, एक दांडा, एका वेळी एकच काडतूस, टेबलाला आवळून बसवायचं. ते पसंत केलं. तुझ्या घरी टेबलच नाही हे नंतर आठवलं.

आता यंत्र घ्यायचं तर माप हवं. शिंप्याकडे जाताना जुना ब्लाउज नेतो की नाही? तशी तू मापाला पाठवलेली दोन रिकामी काडतुसं मी मिश्रीच्या डबीत घातली, डबी पिशवीत टाकली, आणि अंधेरीच्या बंदूकवाल्याकडे जायला मेट्रो स्टेशनात शिरले. पिशवी तपासायच्या मशीनमधून गेली आणि तिथली पोरगी पडद्याकडे बघतच राहिली.

"आजी, डबीत काय आहे?"

"मिश्री."

"आणि मिश्रीत?"

"माप आहे गं!"

मग पोलीस. कुंडलिक, वाडीत मला सगळे टरकून असतात, पण त्या साहेबाने नुसती खुर्ची पुढे केली आणि माझ्या तोंडातून तुझं नाव, गाव, विहिरीमागचं घर, कुत्र्याचं नावसुद्धा बाहेर पडलं. वर मीच सांगितलं, "साहेब, घरच्यापुरतीच भरणार, विकायला नाहीत." (पापडांचं सांगावं तसं.) साहेबाने कपाळाला हात लावला. म्हणाला, "आजी, बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायचा परवाना नव्हे. घरात भरली तर भाऊ आत जाईल, आणि यंत्र तुम्ही आणलंत तर तुम्ही सोबतीला." काडतुसं ठेवून घेतली, जबाबावर सही घेतली, चहा पाजला. चहा पाणचट होता, ते मी तोंडावर सांगितलं. माझं शौर्य काय ते एवढंच.

तेव्हा यंत्र येणार नाही. काडतुसं दुकानातून पावती घेऊन आण, नाहीतर रात्री डबा बडवत बस.

तुझी तोंडाळ,
अक्का

ता. क. तुमच्या पोलीस ठाण्यात चौकशीचा कागद येणार आहे. त्याआधी परवाना घेऊन तूच जाऊन ये. कुत्र्याला बांधून ठेव, त्याचंही नाव जबाबात आहे.

आणखी ता. क. पत्र खरं तर यासाठी. वाडीत कुणी विचारलं तर सांग, यंत्र मुंबईत मिळत होतं, अक्कालाच दांडा पसंत पडला नाही.