शिडी कुणी सोडली

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

जहाजावरून, ता. ९ जानेवारी २०२५

ती. शिवरंजनीअक्कास रुद्रेशचा शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगतो, मी धड आहे. मोबाइल काढून घेतलेत. इथं तपासायला येणारे डॉक्टर या पत्राचा फोटो तुला धाडतील. उत्तर त्यांच्याच नंबरवर दे. अव्वाला सांग, तुझ्या लेकाला रेंज न्हाय.

पाच दिवस झाले, बंदूकवाल्यांनी जहाज धरलंय. माणसं खाजगी, पण सरकारी परवाना दाखवतात: शत्रूचा माल धरा, वाटा घ्या. कॅप्टन म्हणाले, पूर्वी राजे असेच परवाने द्यायचे, अशांना प्रायव्हेटियर म्हणत. एका बंदरात हार, दुसऱ्यात फास. आमच्या जहाजातल्या गव्हात कुणाचा शत्रू दडलाय देव जाणे!

अक्का, त्यांना वर यायला शिडी म्या सोडली. पहारा कुमारचा, भूम गावच्या पोराचा. त्याला ताप होता म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी दोरीला बांधून शिक्क्याचा कागद वर दिला. आपला खंडोबासुद्धा दोन गावांचा लेखी करार झाल्याबिगर नळदुर्गला हलत न्हाय. कागद बघितला की आपण अणदूरकर लगेच मान डोलावतो. कॅप्टनला विचारलंच न्हाय.

पहाऱ्याच्या वहीत नाव कुमारचं, म्हणून त्यानं पैसे खाल्ले म्हणतात. त्याच्याशेजारी कुणी जेवत न्हाय. त्याला सगळं ठाऊक आहे, तरी माझं नाव घेत न्हाय. मला लई भ्या वाटतं, बंदुकांपेक्षा आपल्याच पोरांचं. काय करू?

घरच्यांना माझा शरणार्थी नमस्कार. तुझी माया असू दे.

रुद्रेश

---

अणदूर, ता. १४ जानेवारी २०२५

चि. रुद्रेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र तासाआधीच वाचलं. शाळेत फळ्यावर काय लिहिलं, मलाच ठाऊक नाही. येड्या, गॅसच्या पावतीवर न वाचता सही करणारा तू, नेमका तोच कागद वाचून खरा मानलास!

काल कुमारची आई, नागूबाई, एसटीनं आली. कंपनीकडून काही कळलं का, विचारत होती. माझ्या मोबाइलात तुझं पत्र, आणि मी म्हटलं, काही नाही. उलट तीच माझे हात धरून मला धीर देऊन गेली.

तरी सांगते, बोलू नकोस. चिडलेली माणसं पाण्यात ढकलायला कमी करणार नाहीत. मला वाईट बाई म्हण, पण तू जिवंत पाहिजेस.

दोन ओळी का होईना, लिहीत राहा.

तुझी अक्का

---

जहाजावरून, ता. २२ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं ऐकलं न्हाय. परवा जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. एकानं थोबाडीत दिली. बाकीचे ताट घेऊन उठले. आता माझ्याशेजारी फक्त कुमार जेवतो.

काल बंदूकवाल्यांनी एकाला घरी सोडायचं कबूल केलं. बाकीच्यांचं कधी, सांगत न्हाईत. कॅप्टननी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. म्या ती कुमारला दिली. ताप उतरत न्हाय त्याचा. तो घेत नव्हता, कॅप्टननी घ्यायला लावली. मोठेपणा समजू नको गं. मला घरी यायचं होतं.

हे पत्र डॉक्टरांकडं दिलं न्हाय, कुमारच आणतोय. तो दारात उभा राहिला की अव्वा त्याच्या मागं बघंल. मागं कुणी न्हाय, हे तूच तिला सांग. आणि त्याला आत घे.

तुझा,
रुद्रेश