सहा बँडची तयारी

२ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. परदेशात सगळे लिहितात म्हणे.
प्लॅन साधा आहे. सृष्टीशी लग्न, मग दोघंही ऑस्ट्रेलिया. सृष्टी मुठा गावची, पुण्यात नर्स. इंग्रजीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली, पर्थला नोकरी लागली, मार्चमध्ये हजर व्हायचंय. साखरपुड्याच्या आधीच स्पष्ट म्हणाली होती की मी जाणार, तू परीक्षा पास होऊन बरोबर येणार असशील तर लग्न. मी म्हणालो, एवढंच?
मला सहा बँड पाहिजेत. बँड म्हणजे त्या परीक्षेचे मार्क, नवापैकी. सहा म्हणजे किरकोळ. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे आयटीवाले भाडेकरू. त्यांच्याशी पाणी आणि पार्किंग या विषयांवर मी रोज इंग्रजीतच भांडतो.
संकल्प: रोज चार तास अभ्यास. उद्यापासून. आज रविवार.

३ नोव्हेंबर
पिरंगुटला किशोरच्या ऑफिसात. किशोर माझा शाळेतला बेंचमेट. आधी लोकांना सातबारे काढून द्यायचा, आता लोकांनाच देशाबाहेर काढतो. भिंतीवर कांगारू. माझ्यासाठी त्याने कोल्ड स्टोरेजचा डिप्लोमा शोधलाय. मी विचारलं, ते शिकून करू काय? म्हणाला, "करायचं काय त्यात? कोर्स हाय व्हिसासाठी, व्हिसा हाय जायासाठी. तू सहा बँड आण, बाकी माज्यावर सोड."
क्लिअर माणूस. परीक्षा २० डिसेंबरला. पुस्तकं फार जाड आहेत. गाडीच्या डिकीत ठेवली.

९ नोव्हेंबर
भातकापणी. इंद्रायणी भाताचा घमघमाट सुटलेला असताना माणसाने ध्रुवावरच्या पेंग्विनचे पॅसेज वाचावेत, हे काही खरं नाही. आबा म्हणाले, "तू जा अभ्यासाला, गडी हायेत की." म्हटलं, गड्यांना पेंढ्या नीट बांधता येत नाहीत. दिवसभर मीच बांधल्या. अभ्यास शून्य. पण बोटं मोकळी झाली, रायटिंगला उपयोग होईल.

१६ नोव्हेंबर
स्पीकिंगच्या सरावासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या सौरभला धरलं. यवतमाळचा पोरगा, कंपनीत कायम गोऱ्यांशी बोलतो. त्याला बजावलं, यापुढे माझ्याशी फक्त इंग्रजी. त्याने विचारलं, पाणी कधी येईल. मी 'वॉटर क्रायसिस' या विषयावर प्रस्तावना, मुद्दे आणि समारोप करून दाखवला. म्हणाला, "भाऊ, इंग्रजी मस्त हाये तुमची, पण मोटर लावा ना."
दाद मिळाली. मोटर लावायची राहिली.

२३ नोव्हेंबर
सृष्टी भेटली. मोबाइलवर पर्थची घरं दाखवत होती. छान आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखी. मी विचारलं, इथून शेत किती लांब? ती हसली नाही. म्हणाली, "इंद्रा, तुला खरंच यायचंय ना?"
आता हा काय प्रश्न झाला! म्हटलं, मी बॅगसुद्धा घेतली. (अजून घ्यायची आहे, एवढंच.) तिने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं की एकटीने जायची तिला भीती वाटते, पण माझ्याबरोबर वाटत नाही. मला एकदम दहा बँड मिळाल्यासारखं वाटलं.
संकल्प: रोज सहा तास.

५ डिसेंबर
सहा तास जमले नाहीत. सोमवारी मोटर जळाली. मंगळवारी नवी आणली. बुधवारी ती नीट चालते का हे बघितलं. काल भाताची झोडणी.
आज पुस्तक उघडलं तर आई येऊन बसली. "व्हय रं, तितं न्याहारीला काय असतंय?" म्हटलं, पाव. ती डोक्यावरून हात फिरवून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झोडणीचा भुसा गेला असणार. अशा डोळ्यांनी वाचणं डॉक्टरही सांगणार नाहीत.

२० डिसेंबर, दुपारी
परीक्षा झाली. मस्त.
ऐकायच्या पेपरात एक बाई लायब्ररीच्या वेळा सांगत होती. बऱ्याचशा कळल्या. लिहायच्या पेपरात आलेख होता. तो खाली चाललाय, एवढं मी चार वाक्यांत फिरवून फिरवून सांगितलं.
पण स्पीकिंग! बाईंनी विचारलं, तुम्ही राहता त्या जागेबद्दल सांगा. मला काय झालं कळेना, धो धो इंग्रजी यायला लागलं. नांदे, मुळा नदी, आमचं भातखाचर, कुठल्या बांधाखाली खेकडे सापडायचे, लवळ्याच्या टेकडीवर आता कॉलेजं झाली तरी करवंदं कुठं उरलीत, सगळं सांगितलं. बाई थांबवत होत्या, मी थांबतोय कुठला! शेवटी त्यांनी विचारलं, दुसरीकडे कुठे राहायला आवडेल का? मी पटकन म्हणालो, "व्हाय, मॅडम?"
हे जरा घाईत गेलं. पण उच्चार बरोबर होता.

२४ डिसेंबर
सहा! स्पीकिंगला तर सात!
किशोर ऑफिसात नाचला. मीही नाचलो. पाय जड वाटले. जेवण गेलं नाही. फार आनंद झाला की असं होतं, ऐकून आहे.
सृष्टीला लगेच फोन करणार होतो, पण रेंज नव्हती. (मोबाइलचा टॉवर आमच्याच गच्चीवर आहे. कधीकधी होतं असं.)

२५ डिसेंबर
शांतपणे विचार केला. सहा म्हणजे अगदी काठावर. अशा काठावरच्या नवऱ्याला घेऊन सृष्टी परक्या देशात कशी उभी राहणार? तिच्या भल्याचा विचार कुणीतरी करायला हवा. फोन करून सांगितलं, साडेचार मिळाले.
मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "आसू दे. परत दे. मी तितल्या लोकांशी बोलते, जूनपर्यंत जायचं पुढं ढकलते. तुला सोडून न्हाई जायची."
हे प्लॅनमध्ये नव्हतं.

२८ डिसेंबर
संकल्प: रविवारी तिला सगळं खरं सांगायचं.
आज रविवारच आहे, हे आत्ता लक्षात आलं. पुढचा रविवार जास्त बरा. नवीन वर्ष असेल.

३० डिसेंबर
नांदे फाट्यावर माझा फ्लेक्स लागला! कमानीएवढा. मी गॉगलमध्ये, मागे विमान, विमानाच्या शेपटीवर कांगारू. "नांदे गावचे सुपुत्र इंद्रजितभाऊ यांचे सहा बँड मिळवून ऑस्ट्रेलियास प्रस्थान! हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यात शेजारचा गेणबाही आहे, ज्याचा माझा बांधावरून वाद चालू आहे. सगळ्यांत खुशीत तोच दिसतो.
किशोरला फोन केला, आधी उतरव. म्हणाला, "येडा का खुळा? धंद्याची जाहिरात हाय ती!"
हरकत नाही. मुठ्याची माणसं या रस्त्याने येत नाहीत.

३१ डिसेंबर
आली.
सृष्टीचे वडील हिंजवडीला निघाले होते. फ्लेक्स बघून तिथंच गाडी थांबवली, पेढे घेतले, हार घेतला आणि थेट आमच्या अंगणात. आधी मला हार घातला. म्हणाले, "काय जावई, पोरगी म्हणतीया साडेचार. तिची गंमत केली व्हय?" आणि हौसेने तिला फोन लावला, स्पीकरवर. आबा, आई, जिन्यात सौरभ, सगळे ऐकत होते.
तिने एवढंच विचारलं, "सहा?"
मी हो म्हणालो. मग काठ, तिचं भलं, सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ बोललो. माझं संपल्यावर ती म्हणाली, "इंद्रा, यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं. आपण दोघांनी बसून काढला आसता काय तरी मार्ग. तू मला जूनपर्यंत कुणासाठी थांबवत हुतास?"
तिच्या वडिलांनी पेढ्यांचा पुडा बंद करून जोत्यावर ठेवला आणि चहा न घेता गेले. हार गळ्यातच राहिला होता, तो आईने काढला.

११ जानेवारी
साखरपुड्याची अंगठी परत आली. सृष्टीला मेसेज केला. पोचला, वाचलाही. उत्तर नाही. कामात असेल.

१ मार्च
सृष्टी आज गेली. एकटी. विमानतळावर जाऊन लांबून बघायचं ठरवलं होतं, पण ट्रॅफिक असेल म्हणून गेलो नाही. ट्रॅफिक नव्हतं. मी दिवसभर खाचराच्या बांधावर बसून होतो. मला ती पाहिजे होती. नांदेही पाहिजे होतं. परीक्षेच्या त्या अनोळखी बाईंना सगळं सांगितलं, आणि जिला सांगायचं तिला बॅग घेतली म्हणून सांगत बसलो.
संध्याकाळी फाट्यावरून येत होतो. फ्लेक्सचा रंग उडालाय, विमान जवळजवळ गेलंय, मी आहे. गेणबाने मुद्दाम गाडी आडवी घातली आणि दात काढून विचारलं, "काय सुपुत्र, आजून हितंच?"
संकल्प: यापुढे कुणाशीही खोटं बोलायचं नाही. उद्यापासून. गेणबाला सांगून झालं आहे की पुढच्या महिन्यात निघतो.