पप्पा, तुम्हाला कुणी विचारलंच नाही

प्रिय पप्पा,

तुमची शेवटची वर्षं आपण एकाच घरात राहत होतो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची सवयच मोडली होती. आज लिहितेय, कारण सकाळी चर्चमध्ये एक गोष्ट घडली आणि ती कुणाला सांगावी ते सुचेना. इथल्या पाळकसाहेबांनी मला विचारलं, महिन्यातून एकदा मराठी उपासना ठेवली तर तुम्ही चालवाल का? पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबं काँप्युटरच्या नोकऱ्यांसाठी हैदराबादेत आली आहेत, त्यांना तेलुगू कळत नाही. मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडले. हे तुमचं काम होतं, पप्पा!

बिदरकडच्या खेड्यांत तुम्ही सगळी उमर पाळक म्हणून काढलीत. सायकलला बायबलची पिशवी आणि मागे कॅरियरला कधी कुणी प्रेमाने दिलेली कोंबडी. उपासना झाली की वस्त्यांवरून आलेली माणसं आपल्याकडेच जेवायची. पिठलं आणखी पातळ करायची वेळ आली की आई तुमच्याकडे रागाने बघायची आणि तुम्ही नेमके तेव्हा डोळे मिटून देवाचे आभार मानत असायचात. फार सोयीने मिटायचे तुमचे डोळे!

आई गेली, तुम्ही निवृत्त झालात आणि मिशनचं घर नव्या पाळकाला सोडून द्यावं लागलं. स्वतःची म्हणून एक भिंतही बांधली नाहीत, याचा मला तेव्हा भारी राग आला होता. मी तुम्हाला इथे हैदराबादेत, विद्यानगरच्या माझ्या घरी घेऊन आले. घरात नुकतंच केबल आलं होतं. त्यावर परदेशी प्रवचनकार ओरडून बोलायचे आणि तुम्ही म्हणायचात, ह्यांना मंडळी बहिरी मिळाली वाटतं.

रविवारी मात्र तुम्ही थट्टा करत नसायचात. पांढऱ्या झग्याला स्वतः इस्त्री करायचात आणि घडी घालून तो चर्चला न्यायचात. न जाणो, पाळक आजारी पडले तर? मोडकीतोडकी तेलुगू तुम्हाला यायची. पण झगा घडी न मोडता परत यायचा. एकदा मी म्हटलं, पाळकसाहेबांना सांगा ना, एखादी प्रार्थना मला करू द्या म्हणून. केवढे चिडलात!

"दुसऱ्याच्या मंडळीत बोलावल्याशिवाय उभं राहायचं नसतं. पाळकाने तर मुळीच नाही."

मग तुम्ही बेगम बाजारात जायला लागलात. निमित्त गूळ-मसाल्याचं, पण खरं म्हणजे तिथला एक दुकानदार लातूरकडचा होता आणि तुमच्याशी मराठीत बोलायचा. एक दिवस मिरच्यांच्या पोत्यांमध्ये उभं राहून तुम्ही त्याच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केलीत. कपाळावर गंध लावलेला तो माणूस हात जोडून उभा होता म्हणे. ठसकत, शिंकत घरी आलात, पण किती खुशीत होतात! ती खुशी कशाची होती, हे मला तेव्हा का कळलं नाही?

तुम्हाला माती देऊन परत निघालो तेव्हा पाळकसाहेब माझ्याजवळ आले. तुम्हाला उपदेशाला बोलवावं असं त्यांच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. तुम्हीच कधीतरी इच्छा बोलून दाखवाल, म्हणून ते थांबले होते. आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाले,

"मैं कैसा पूछतूं अम्मा? बडे थे उनो. आराम करने आये बोलके समझा मैं."

कुणावर रागवावं तेच मला कळेना. तुम्ही त्यांचा मान राखलात, त्यांनी तुमचा राखला, आणि त्या मानापायी तुमची शेवटची सगळी वर्षं बाकावर गप्प बसून गेली. आणि मी? दोघांशीही रोज बोलणारी! ही पाळकांची आपसातली रीत, आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणत राहिले. एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? आणि पप्पा, तुम्ही तरी! देवाकडे मोकळेपणाने मागा, असं गावोगाव शिकवलंत. तुम्हाला एका माणसाकडे मागता आलं नाही?

येत्या रविवारी पहिली मराठी उपासना आहे. माझा आवाज कापणार, गीताचा सूर नको तितका वर लागणार. ते तुम्ही सांभाळून घ्या. पण एक वचन देते. कुणी म्हातारं माणूस आत येऊन गुपचूप कोपऱ्यात बसलं, तर त्याचा मान राखत मी लांब उभी राहणार नाही. जवळ जाऊन विचारीन, "आजची प्रार्थना तुम्ही कराल का?"

तुमची,
शलोमी