सुटा चौकोन

रविवार, २

पोचलो एकदाच्या! बस वाटेत बंद पडली, सगळे खाली उतरले, आणि मी सामान बघेपर्यंत धाकटीने रस्त्याकडेच्या डबक्यातून ओंजळभर पाणी पिऊन टाकलं. मी ओरडले तोवर दुसरी ओंजळ पोटात. वर मलाच म्हणते, ताई, काय गोड आहे गं, पिऊन बघ तरी. पिते बरी मी! कडेला बेडकाच्या अंड्यांसारखं काहीतरी बुळबुळीत तरंगत होतं. मी आपलं माझ्या बाटलीतलं उकळलेलं पाणी प्यायले. आई म्हणते मी नाकाने कांदे सोलते. सोलते तर सोलते.

जागा मात्र झकास मिळाली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. उजेड भरपूर. खाली मालकीणबाई राहतात, त्या गावभर जेवणाचे डबे पुरवतात. धाकटीने आल्या आल्या पडदे लावले आणि दमून झोपली. तिला पाचवा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत, नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून आईने तिला माझ्या हवाली केलंय. डोळ्यांत तेल घालून जप म्हणाली. जपणारच की. रोगाच्या साथींचं मूळ शोधणं हाच माझा धंदा, माझ्याच घरात रोग शिरायची काय टाप!

बुधवार, ५

आरोग्य कार्यालयातला पहिला दिवस. साहेब मनमोकळे आहेत, पण काडीने दात कोरतात आणि त्याच काडीने नकाशावरचे रस्ते दाखवतात. नव्या नकाशावर दोन ठिपके पडलेसुद्धा. मी हात मागे बांधून उभी होते.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चौकटींचा मोठा कागद लावून घेतला. शिपाई विचारत होता, हे कशाला? त्याला सांगितलं की खाली तारखा लिहायच्या, आणि ज्या तारखेला माणूस आजारी पडला तिच्यावर त्याच्या नावाचा एक चौकोन रंगवायचा. असे चौकोनावर चौकोन चढतात. सगळे एकाच पंगतीत जेवून आजारी पडले असतील तर एकच उंच टेकडी उभी राहते. एकाकडून दुसऱ्याकडे रोग जात असेल तर टेकडीमागून टेकडी येते, आणि पुढची बहुधा आधीपेक्षा मोठी. आणि टेकडीच्या आधी एखादा चौकोन एकटाच सुटा पडलेला दिसला, तर बाकी सगळं टाकून आधी त्याच्या घरी जायचं, कारण सुरुवात तिथे असू शकते. शिपाई म्हणाला, म्हणजे गर्दीपेक्षा एकट्याला धरायचं. हुशार आहे.

घरी आले तर मालकीणबाई आमटी चाखत होत्या. पळी तोंडाला, तोंडाची पळी परत भांड्यात. शी! आजपासून मी आमचा स्वयंपाक वेगळा करणार.

सोमवार, १०

धाकटीला आज सकाळी उलटी झाली. इतके महिने एकही झाली नव्हती, पण काहींना उशिरा सुरू होतात म्हणे. चादरीवर पडली. पाण्यासारखी नव्हे, घट्ट, चकचकीत, ओढली तर दोरीसारखी लांबणारी, आणि आत मोहरीएवढे काळे ठिपके. कुठलंतरी बियांचं फळ खाल्लं असणार. मला पुढे बघवेना. डोळे मिटून चादरीचं बोचकं केलं आणि धुणंवाल्या बाईंच्या हातात दिलं.

उलटीनंतर मात्र धाकटी कशी टवटवीत! गालावर लाली, दोन माणसांचं जेवली, वर तांब्याभर पाणी. तोंड गोड गोड झालंय म्हणते. चला, बाळाला मानवतंय.

शनिवार, १५

वाचनालयाच्या नव्या इमारतीचा समारंभ होता. अर्धं गाव लोटलं होतं. मालकीणबाईंनी पिंपभर लिंबाचं सरबत केलं होतं, आणि ते चाखायला तीच पळी. मी हात जोडून नको म्हटलं. साहेब दोन पेले प्यायले.

धाकटी हल्ली दुपारी गच्चीवर जाऊन बसते. टाकीपाशी गार वाटतं म्हणे. जिना जपून चढ एवढं बजावलंय.

रविवार, २३

साथ आली! तीन दिवसांत एक्केचाळीस रुग्ण, त्यात मालकीणबाई आणि साहेबसुद्धा. रुग्णालयाचा वऱ्हांडा बादल्यांनी भरलाय. प्रत्येक बादलीत तेच, पारदर्शक बुळबुळीत वेटोळं आणि काळे ठिपके. वासही कसला, पिकून फुटलेल्या फळाचा. नमुना घ्यायला वाकले तर ठिपके हलत होते. शेपूट होतं त्यांना. मी बाहेर आले. दुपारचं जेवण गेलं नाही, उद्याचंही जाणार नाही.

विचित्र म्हणजे उलटी झाली की रुग्ण हसतात. गालावर लाली येते आणि पाणी मागतात.

मंगळवार, २५

चौकोन रंगवून झाले. काय टेकडी आहे! एकच, उंच, दोन्ही बाजूंनी उतरती, पुस्तकात छापावी अशी. सगळ्यांना जोडणारी गोष्टही एकच निघाली, वाचनालयाचं सरबत. जे प्यायले त्यांतले बहुतेक पडले, जे प्यायले नाहीत ते ठणठणीत.

फक्त एक चौकोन सुटा होता. सोळा तारखेवर एकटाच, टेकडीच्या पाच-सहा दिवस आधी. धुणंवाल्या बाईंचा. त्या समारंभाला गेल्याच नव्हत्या. कामावर परतलेले साहेब म्हणाले, साधं अपचन असेल, खोडा तो, उगाच वरचे लोक शंका काढतील. खरं सांगायचं तर त्या चौकोनाने माझ्याही टेकडीची शोभा जात होती. ब्लेडने खरवडला. आता कागद देखणा दिसतो.

कामात मला उसंत नाही, म्हणून कालपासून धाकटीच पाणी उकळून, गाळून माझी बाटली भरते. ताईची खोड मला माहीत आहे म्हणते. गुणाची पोर.

बुधवार, २६

मालकीणबाईंच्या स्वयंपाकघराला कुलूप लावलं. ती पळी चिमट्याने उचलून पिशवीत घातली तेव्हा, कबूल करते, मनातून बरं वाटलं. त्या आजारातून उठून भर रस्त्यात भांडल्या. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं मला सगळ्यांदेखत ऐकवलं. सरबताचं पाणी तुम्ही पिता त्याच टाकीचं होतं म्हणाल्या. मी म्हटलं, मी उकळून पिते. त्यावर त्या नुसत्या हसल्या. गालावर लाली होती.

रविवार, ३०

दुसरी टेकडी. पहिलीपेक्षा मोठी. आज दुपारपर्यंत शंभराच्या वर, आणि त्यांतल्या अर्ध्यांनी सरबत बघितलंही नाही. स्वयंपाकघराचं कुलूप जसंच्या तसं आहे.

याचं कारण आज डोळ्यांनी पाहिलं. रुग्णालयाच्या अंगणात प्यायच्या पाण्याचं पिंप आहे. परवा घरी सोडलेला एक बरा झालेला मास्तर तिथे आला, इकडेतिकडे बघितलं, झाकण काढलं आणि वाकला. मला वाटलं पाणी पितोय. त्याच्या तोंडातून ती दोरी सावकाश पाण्यात उतरत होती. ओकत नव्हता, हुंदका नाही, उबळ नाही. देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखा शांत चेहरा. मग ओठ पुसले, झाकण नीट लावलं आणि मला नमस्कार करून गेला.

मी तिथेच उलटी केली. माझी साधी होती. तपासून बघितली.

सोमवार, ३१, सकाळी

रात्रभर तो खरवडलेला चौकोन डोळ्यांपुढे. उजाडताच धुणंवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी दारातच सांगितलं. त्यांनी समारंभाचं काही खाल्लं नाही, प्यायलं नाही. तुमच्या बहिणीची चादर धुतली, हाताला चिकट लागलं, निघता निघेना, आणि सोळा तारखेला तोंड गोड झालं. कार्यालयात कळवलं होतं, कुणी विचारायला आलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गावभर हिंडले, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि घरात — ते डबकं. ती ओंजळ. मी बघितलं होतं. मला किळस आली म्हणून मी तोंड फिरवलं. चादरीच्या वेळीही तेच. एकदा, एकदाच डोळे उघडून बघितलं असतं तर —

दुपारी

गच्चीवर गेले. टाकीचं झाकण उघडं. धाकटी कमरेत वाकलेली. हाक मारली तर वळली, ओठ पुसले, हसली.

तिचं पोट. सपाट आहे. पाचवा महिना, आणि साडी कशी सपाट बसलीय. एरवीच्या ढगळ झग्यांतून मला दिसलंच नाही. की मी बघितलं नाही?

मी विचारलं, बाळ कुठंय. ती टाकीकडे बघून म्हणाली, एक कुठलं गं ताई, पुष्कळ आहेत. या खेपेला सगळी जगली.

टाकीत बघितलं. लिहवत नाही. पाणी दिसतच नव्हतं.

मंगळवार, १

भिंतीवरच्या कागदावर तिचा चौकोन काढायला हवा. दहा तारखेवर. काढला की रुग्णालयाची गाडी येणार, तिला नेणार, टाकी फोडणार. गाव वाचेल. आईला काय सांगू?

ती पाया पडली. कुणाला सांगू नकोस म्हणते. दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आले, आता नको म्हणते. तिचे हात ओले होते. माझ्या पावलावर चिकटलं. घासलं. अजून घासतेय.

नाही. सांगायचंच. साहेबांना नको, तेही प्यायलेत. जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन करते.

नंबर शोधला. घसा कोरडा पडलाय. बोलता येईना. बाटली उशाशी भरून ठेवलीय तिने, उकळून, गाळून —

गाळून कशातून? झाकणाखाली एक केस. नाही, केस नाही. हलतोय.

आठवडाभर मी हेच —

तोंड गोड लागतंय.

दुपारी

दोन चौकोन काढले. वहीतच. तिचा दहावर. माझा आजचा. भिंतीपर्यंत जाववत नाही, इतकी तहान. उलटी झाली. ताटलीत धरली. या वेळी तोंड फिरवलं नाही. बघितलं. किती नीट आहेत. काळे डोळे.

शी. शी. हे मी लिहिलं?

फोन समोर आहे. नंबर लावलाय, पलीकडे घंटी वाजतेय. धाकटी वरून हाक मारतेय, ताई, ये ना, पिऊन बघ तरी. नाही जाणार. उचलला कुणीतरी. हॅलो म्हणताहेत. सांगते. आधी फक्त घोटभर पाणी, मग सगळं सांग —