दुसऱ्या हाताची सही

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे अर्धाच वाकलो आहे. उरलेला अर्धा प्रत्यक्ष भेटीत.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? बाबांचं विचारायला मला तोंड नाही, म्हणून ते शेवटी विचारतो. गेल्या महिन्यात तुझा निरोप आला होता: डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत, यायचं तर ये. त्यावर मी 'ऑफिसात कामाचा डोंगर आहे' असं कळवलं. त्यानंतरच्या माझ्या दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. तर तो डोंगर नेमका कसला, हे तुला सविस्तर सांगावं म्हणून हे तिसरं.

आमच्या कोशाच्या कचेरीत इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहायचं माझं काम तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर 'स्क्विशी' हे कार्ड आलं. अनौपचारिक शब्द, म्हणजे पोरंसोरं बोलतात आणि मोठी माणसं नाक मुरडतात तो. अर्थ साधारण 'मऊ'. झालं की मग काम, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमचे मुख्य संपादक (बोलणं कुणाचंही असो, संपवतात तेच, म्हणून आम्ही त्यांना पूर्णविराम म्हणतो) यांचा एक नियम आहे. हाताला लागणाऱ्या गोष्टीचा अर्थ बसल्या जागी लिहायचा नाही. आधी हात लावायचा, मग लेखणी. आणि एकट्याचा हात खोटं बोलू शकतो, म्हणून कार्डाच्या तळाशी दोन सह्या: पहिला हात, दुसरा हात. (पूर्वी एका विद्वानाने खुर्चीत बसून निवडुंगाला 'स्पर्शास सुखद' लिहिलं होतं, तेव्हापासून हा जाच.)

मी 'लुसलुशीत' लिहून नेलं. ते म्हणाले, लुसलुशीत वस्तू तोंडात घालावीशी वाटते, ही बोटाने दाबावीशी वाटते. 'गुबगुबीत'? ते नुसतं दिसण्याचं झालं, दाबल्यावर काय होतं ते त्यात येत नाही. 'लिबलिबीत'? त्यात किळस आहे, आणि ह्या शब्दात कधी किळस असते, कधी लाड. 'पिळपिळीत' म्हटल्यावर त्यांनी मलाच वरपासून खालपर्यंत पाहिलं. आपल्या भाषेत मऊपणाचे एवढे शब्द, आणि ऐनवेळी कामाला एकही येत नाही, नातेवाइकांसारखेच. (हे मी स्वतःला बोलतो आहे, तू मनावर घेऊ नकोस.)

मग हात लावत हिंडलो. भाजीवालीकडे टोमॅटो दाबून पाहिले. अकरावा दाबला तेव्हा तिने माझं मनगट पकडलं आणि दाबलेले सगळे माझ्या पिशवीत ओतले. तीन दिवस दोन्ही वेळा टोमॅटोच खाल्ले. फर्निचरच्या दुकानात एका सोफ्यावर बसलो, तो बसतच गेलो. गुडघे कानाशी आले. दोघा विक्रेत्यांनी दोन बाजूंनी उपसून काढलं, तेव्हा कंबरेत कट्‌ झालं. (अर्ध्या नमस्काराचं कारण हेच.) वर त्यातला एक विचारतो, "मग, पाठवून देऊ का घरी?" मला की सोफ्याला, ते मी विचारलं नाही. तेव्हा तुझी फार आठवण आली. बावीस वर्षं तू गाद्यांच्या कारखान्यात उशा भरतेस. एकदा मुठीने दाबतेस आणि सांगतेस, चिमूटभर कापूस कमी आहे. हे कार्ड तू एका दुपारी हातावेगळं केलं असतंस.

पुढे मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी काढून दाखवलं की हा शब्द माणसांनाही लावतात: हळवा, पटकन दबणारा, 'नाही' म्हणता न येणारा. उदाहरण हवं होतं. मी लिहून टाकलं, 'ताई मऊ आहे, दाबलं की दबते.' पूर्णविरामांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "दाबतो कोण?" मी म्हटलं, ते उदाहरणात नाही. ते म्हणाले, "मग घाला." जागेवर येऊन बसलो, तर बाबांचं बोलणं आठवलं. लहानपणी मी तुझ्या ताटातलं पळवायचो तेव्हा ते म्हणायचे, मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये. मी जन्मभर कोपरानेच खणत आलो. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा 'तू जवळ आहेस, तुला जमतं, तुला सवय आहे' असं मीच म्हणालो होतो. तू नुसतं बरं म्हणालीस. त्या दिवसाची मला लाज वाटते, ताई.

आता त्या शेवटच्या भेटीबद्दल. चार महिने झाले. मी बाबांच्या पलंगाशी उभाच होतो, तर तू म्हणालीस, "धर की हात, चावत नाहीत ते." पस्तीस वर्षं विटा रचलेला हात. त्यांनी पाठीवरून फिरवला की शर्टाला खरखर व्हायची. काडी तळव्यावर घासून पेटते का, हे ते आपल्याला करून दाखवायचे. (एकदा पेटली. आई चार दिवस बोलली नव्हती.) तो हात मी धरला आणि माझी बोटं आत गेली. मी दाबला, तो दबला, आणि बोटांचे खळगे तसेच राहिले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून 'शेवटची बस चुकेल' असं म्हणून निघालो. शेवटची बस सातला असते. तेव्हा चार वाजले होते आणि तू माझा चहा घेऊन दारात उभी होतीस.

एवढं कळवायचं होतं. लोभ शिल्लक असेल तर असू द्यावा.

तुझा,
धाकटा

ता. क. कार्ड सोबत जोडलं आहे. अर्थ असा लिहिला आहे: 'दाबलं की दबणारं, ज्याला हात लावताना आपलाच हात जड वाटतो असं.' पहिला हात म्हणून मी सही केली आहे. दुसऱ्या हाताची जागा रिकामी आहे. बाबांचा हात रोज धरणारी तूच, तेव्हा सही तुझीच लागेल.

ता. क. २. कार्ड टपालाने परत पाठवू नकोस. रविवारी मी स्वतः न्यायला येतो. महिनाभराची रजा टाकली आहे. बाबांच्या हाताला तेल कसं लावतेस ते मला दाखव. तू तेवढा वेळ झोप.

ता. क. ३. खोटं कशाला बोलू? पानं वाढतात म्हणून पूर्णविरामांनी तो शब्द गेल्या सोमवारीच वगळला. कामाचा डोंगर वगैरे काही नाही, सहीही कुणाला नको आहे. शेवटी विचारतो म्हणालो होतो, ते विचारतो. बाबा कसे आहेत?