सात वर्षांआधीची साक्षीदार

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. थोरली म्हणजे तुझी सख्खी बहीण. उंच, डाव्या गालावर तीळ, एका घरात तुझ्याबरोबर एकोणीस वर्षं राहिलेली. एवढी ओळख द्यावी लागते, कारण मागच्या खेपेला फोनवर तू मला नळदुरुस्तीवाल्याची आई समजून पाऊण तास बोललीस आणि नळ अजून गळतोय म्हणून शेवटी माझ्यावरच डाफरलीस. (नळ बंद झाला का?) तुझा गुडघा कसा आहे? चष्मा सापडला का? मागे तो पिठाच्या डब्यात सापडला होता, आधी तिथे बघ. आमच्याकडे सगळं ठीक. पत्र नात लिहिते आहे, मी सांगते आहे. तिसरी ओळ तिने खाली उतरवली आहे. मला अक्षर येत नसलं तरी ओळ वाकडी गेलेली दिसते. (लिहिणारीची टीप: ओळ सरळ आहे. आजीने पट्टी लावून पाहिली. मग म्हणाली, पट्टी वाकडी आहे.)

तर झालं असं, की या नातीने आठ महिने थांबून एका डॉक्टरीणबाईंची वेळ मिळवली. ही पोर नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला आहे हे तुला सांगितलं होतं, म्हणजे तू विसरली असशील. काम चोख, पण चार माणसांत गेली की घरी येऊन कपाट उघडून त्याच्यासमोर बसते, आत नुसत्या घड्या बघत. कुठेतरी वाचून तिच्या मनाने घेतलं की आपल्याला ऑटिझम असावा. दुसरा शब्द स्वमग्नता. मी म्हटलं, स्वतःत मग्न कसली, तू तर कपाटात मग्न असतेस. पण त्या बाईंना लहानपणाची साक्ष हवी होती, म्हणजे मूल सात वर्षांचं होण्याआधी कसं होतं ते सांगणारं कोणीतरी. हिचे आईबाप दोघेही नोकरीला, पोर वाढली माझ्या अंगाखांद्यावर, तेव्हा साक्षीला मी.

मी ठरवूनच गेले होते की पोरीची बाजू घ्यायची, तिच्यात काही खोट निघू द्यायची नाही. बाई विचारत गेल्या, मी उडवत गेले. खेळणी ओळीत लावायची का? लावणारच, पसरून ठेवायची असतात का? कॉलरीतलं लेबल टोचतं म्हणून रडायची का? रडेलच, टोचतंच ते. मी तर घरातल्या सगळ्यांची लेबलं उसवून ठेवते, पाहुण्यांचीसुद्धा. भाजीचा रस भाताला लागला तर ताट सारायची का? अहो, मग खायचं कसं? मी अजून वाटी वेगळी घेते. नात शेजारी बसून माझ्या पायावर पाय देत होती, मला वाटलं तिला जागा कमी पडते म्हणून मी सरकले.

खरं सांगते, माझं निम्मं लक्ष प्रश्नांत नव्हतंच. त्या बाईंच्या पांढऱ्या कोटाला पाच बटणं. चार बटणं दोन उभ्या टाक्यांनी लावलेली आणि वरून दुसरं फुलीच्या टाक्याने! आता तूच सांग, अडतीस वर्षं मी शर्टाच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर काढली, अर्ध्या दोऱ्याने सरकलेलं काज मी दुसऱ्या टेबलावरून ओळखायची (आणि जाऊन उसवायची, म्हणून माझ्या शेजारी कोणी बसत नसे), ती मी त्या बटणासमोर तास कसा काढणार? बाईंनी विचारलं, आजी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायला तुम्हाला जड जातं का? मी म्हटलं, डोळ्यांपर्यंत पोचू तर द्या, मी अजून दुसऱ्या बटणावरच आहे. पिशवीत सुई-दोरा होताच. शेवटी त्या भल्या बाईने कोट काढून दिला. मी बटण लावलं, मगच पुढचे प्रश्न मला ऐकू आले.

सगळं झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, ‘आजी, मी नातीबद्दल विचारत होते. पण तुम्हाला कधी कोणी विचारलंय का?’ मी म्हटलं, मला कोण काय विचारणार, मला तर फक्त सांगत आले सगळे.

पंधरा दिवसांनी नातीचा कागद आला. होय म्हणून. तिने तो वाचला, रडली, मग हसली, मग दोन वेळचं एकदम जेवली. मी घाबरले. म्हटलं, काय गं, एवढं काय लिहिलंय? तर म्हणते, ‘आजी, मी शिष्ट नव्हते, आळशी नव्हते, मुद्दाम करत नव्हते. एवढंच लिहिलंय.’ (लिहिणारीची टीप: असं लिहिलेलं नाही. पण मी तसं म्हणाले खरी.)

तेव्हापासून माझं डोकं म्हणजे नुसता गुंतलेला दोरा झालाय. मी काजं केली म्हणून अशी झाले, की अशी होते म्हणून काजं जमली? हे गेले त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी खुर्च्या ओळीत लावत होते. दगडाच्या काळजाची म्हणाले मला. मी दगड नव्हते गं, मला फक्त तेवढंच सुचलं. आणि तुझं लग्न ठरलं तेव्हा तूच विचारलंस, ताई, कसा वाटला? मी म्हटलं, शर्ट चांगला आहे, बाकीचं उशिरा कळेल. पाच वर्षं बोलली नाहीस माझ्याशी. म्हणायचीस, ताईने मुद्दाम केलं. मला आजतागायत कळलेलं नाही की जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं नसेल तर विचारतात कशाला. मुलगा म्हणतो, आई, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आता काय करायचंय कळून? त्याचंही खरं. औषध नाही, गोळी नाही, मिळणार एक कागद, तोही मला वाचता येणार नाही. मग तो मला हवासा का वाटतो, हे काही उमगत नाही. कधी वाटतं जावं. कधी वाटतं बटण लावून झालंय, आता तिथे माझं काय काम.

बाकी सगळं क्षेम. तब्येतीला जप. हे पत्र वाचून झालं की वाचलं असं कुठेतरी लिहून ठेव, म्हणजे परत वाचावं लागणार नाही.

तुझी,
ताई (तीळवाली)

ता. क. मी वेळ घेतली आहे. पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. बटणाची ओळख कामी आली, आठ महिने थांबावं लागलं नाही. आता माझ्या सात वर्षांआधीची साक्ष द्यायला या जगात एकच माणूस उरलं आहे आणि देवाने नेमकं तुला ठेवलं आहे. बाई तुला फोन करतील. त्यांना नळाचं सांगू नकोस.

ता. क. दुसरं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, रचून सांगू नकोस. पण एक आठवून बघ. आई मला म्हणाली होती, मी येईपर्यंत पायरीवरून हलू नकोस. पाऊस आला तरी मी हलले नाही. सगळे आतून हाका मारत होते, हसत होते. तू चार वर्षांची, एकटी बाहेर आलीस आणि मोठ्या पातेल्याचं झाकण माझ्या डोक्यावर धरून उभी राहिलीस. तुझा हात पोचत नव्हता म्हणून मी जराशी वाकले. म्हणजे हलले. हे आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आज पहिल्यांदा कबूल करते. तेव्हा मी मुद्दाम करत होते का, ते तुलाच ठाऊक. बाईंना सांग.

ता. क. तिसरं. वर उगाच बोलले, मला तसल्या काही खोडी नाहीत. फक्त बिस्किटं पाठव. साधी, गोल, मनुके नसलेली, एका थरात सात, एकाला दुसरं न लागता, मध्ये कागद घालून. मनुक्यांची पाठवलीस तर नातही खात नाही. आणि डब्याचं झाकण तूच लाव, दुसऱ्या कोणाला लावू देऊ नकोस. झाकणाच्या बाबतीत माझा तुझ्यावर जुना विश्वास आहे.